नियाज मणेरचं मानपत्र

मी आजवर एकशे बारा मानपत्रं लिहिली आहेत. सांगलीत कुणी निवृत्त झालं, कुणाला साठ वर्षं पूर्ण झाली, कुणाची कसल्याशा मंडळावर नेमणूक झाली की माझा फोन वाजतो. "सर, तुमच्या शैलीत एक पानभर होऊन जाऊ दे." माझी शैली म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. ज्या माणसाला मी कधी पाहिलेलंही नाही तो 'मितभाषी पण कणखर' असतो, त्याची पत्नी 'खंबीरपणे पाठीशी' असते आणि त्याचे पाय 'आजही मातीत' असतात. हे मी जांभया देत लिहू शकतो. लोक ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. एकशे बारापैकी एकशे अकरांचं मला काही वाटत नाही. उरलेल्या एकाने मात्र माझ्या तोंडाची चव घालवली आहे, म्हणून हे लिहायला बसलो. ज्याला ते मानपत्र दिलं त्याच्याबद्दल हे नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याचा सत्कार कुणी केला नाही, आणि करणारही नाही.

त्याचं नाव नियाज अजमल मणेर, गाव रहिमतपूर. सांगलीला बदली होण्याआधी मी तिथल्या हायस्कुलात अकरा वर्षं मराठी आणि भूगोल शिकवत होतो. नियाज माझ्या वर्गात होता. त्याच्या वडिलांचं, अजमलभाईंचं, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. लग्नसराईत ते घरोघर चुडा भरायला जायचे आणि बाईचा हात नुसता बघून माप सांगायचे. तंग बांगडी त्यांनी कधी कुणाच्या हातात कोंबली नाही. "जरा सैलच बरी, वैनी. हात काय रोज सारखा ऱ्हातोय व्हय," म्हणायचे. मुलगा त्यांच्यावरच गेला होता. वहीत दोन बोटं समास सोडणारा, पेपरला अर्धा तास आधी येणारा, सहलीच्या एसटीत सगळ्यांच्या आधी चढून बसणारा. वर्गातली पोरं त्याला चिडवायची, आणि खरं सांगायचं तर मीही हसायचो.

तो सातवीत असताना एकदा मी फळ्यावर सातारा जिल्ह्याचा नकाशा काढला. कृष्णा काढली, कोयना काढली, आणि बोलण्याच्या नादात रहिमतपूर कृष्णेच्या पश्चिमेला मांडलं. नियाज उभा राहिला. "सर, चुकलंय. आपलं गाव नदीच्या ह्या अंगाला हाय." वर्ग हसला. माझं डोकं सणकलं. तास संपेपर्यंत मी त्याला बाहेर उभं केलं. फळा पुसताना माझ्या लक्षात आलं की पोरगं बरोबर होतं. कबूल करायला हवं होतं, केलं नाही. उलट त्याला जवळ बोलावून शहाणपण शिकवलं. "मोठ्या माणसाला तोंडावर 'चुकलंय' असं म्हणू नये. 'सर, परत एकदा बघायचं का,' असं म्हणावं. काम तेच होतं, आणि रीतही राहते." तो "व्हय सर" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी नवा नकाशा काढला आणि रहिमतपूर गुपचूप जागेवर नेऊन ठेवलं.

बारावीनंतर नियाजने वैमानिक व्हायचं ठरवलं. मणेराचं पोरगं विमान चालवणार म्हणून पेठेत बराच गाजावाजा झाला. अजमलभाईंनी त्यासाठी काय काय विकलं ते मी कधी विचारलं नाही. पहिले धडे त्याने कराडजवळच्या छोट्या धावपट्टीवर घेतले. तिथला म्हातारा प्रशिक्षक हवाई दलातून आलेला होता. तो विमान पट्टीच्या पार टोकाला नेऊन, शेपटी गवतावर येईल इतकं मागे वळवून, मगच निघू द्यायचा. कुणी चार हात पुढून निघायला गेलं तर इंजिन बंद करायला लावायचा आणि त्या पोराला टोकापर्यंत पायी पिटाळायचा. नियाजला एकदाही चालत जावं लागलं नाही. हे तो मला फार अभिमानाने सांगायचा.

लायसन आलं, पण नोकरी आली नाही. तीन वर्षं हा वैमानिक दुकानात बसून काचेच्या बांगड्यांचे डझन बांधत होता. मग मी मध्ये पडलो. सांगलीचे रविराज सावर्डेकर तेव्हा एका खाजगी विमान कंपनीत कॅप्टन होते, आणि त्यांचे काका आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर. मी चिठ्ठी दिली. रविराजांनी कंपनीत शब्द टाकला, "आमच्या गावाकडचा पोरगा आहे." नियाज सहवैमानिक म्हणून लागला. त्या दिवसापासून रविराज त्याचे 'दादा' झाले. साबेराभाभींनी, नियाजच्या आईने, दादांच्या घरी शिरखुर्म्याचा डबा पाठवला आणि पुढे दर ईदला पाठवत राहिल्या.

आता थोडं विमानाबद्दल सांगावं लागेल. मला ते नियाजनेच शिकवलं, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. मोठ्या विमानतळावरची पट्टी लांबलचक असते. विमान तिला पुष्कळदा मध्येच कुठेतरी येऊन मिळतं. मागच्या टोकापासून निघायचं तर आधी उलट दिशेने टोकापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि मग धावायला लागायचं. त्यात सहा-सात मिनिटं जातात आणि इंधन जळतं. नाहीतर जिथे मिळालो तिथूनच सुटायचं आणि मागची पट्टी सोडून द्यायची. दोन्ही नियमात बसतं. फक्त किती वेगाला नाक उचलायचं, इंजिनाची किती ताकद लावायची, हे आकडे पट्टीच्या लांबीवरून काढतात. इंजिन टिकावं म्हणून पूर्ण ताकद सहसा लावत नाहीत, लागेल तेवढीच लावतात. म्हणजे लांबी बदलली की आकडे बदलायलाच हवेत.

नियाजचं म्हणणं साधं होतं. आकडे बसत असतील आणि घाई असेल तर मधून निघावं. पण पट्टी मोकळी असेल आणि माझ्याकडे वेळ असेल तर मी पूर्ण मागणार. आठ-नऊ वर्षं त्याने प्रत्येक कॅप्टनला हेच सांगितलं, तोंडावर, इंग्रजीत. "कॅप्टन, फुल लेंथ प्लीज." काहीजण ऐकायचे, बरेच वैतागायचे. कंपनीत त्याचं नाव 'फुल लेंथ मणेर' पडलं. दिवाळीच्या पार्टीत त्याला कुणीतरी मोजपट्टी भेट दिली. पुढे त्याच्या फाइलीत शेराही आला. तो अवास्तव सावध आहे, वरिष्ठांशी वाद घालतो, त्यामुळे विमानांना उशीर होतो. हे तो हसत हसत सांगायचा. "कॅप्टन झालो की कुणाला इचारायलाच नको, सर." त्याची पाळी जवळ आली होती. अजमलभाईंनी दुकानावर लावायच्या पाटीचा मजकूरसुद्धा ठरवला होता.

मग एके दिवशी इथल्या पेपरात बातमी आली. 'सांगलीच्या सुपुत्राने वाचवले एकशे ऐंशी प्राण.' कॅप्टन रविराज सावर्डेकरांच्या विमानाचं उड्डाणाच्या वेळी काहीतरी बिघडलं, त्यांनी प्रसंगावधान राखलं, वगैरे. सोबत गणवेशातला फोटो. सहवैमानिकाचं नाव बातमीत नव्हतं. चौकशी चालू होती हेही नव्हतं. बातमी कुणी दिली ते सांगलीत सगळ्यांना माहीत होतं. काकांचा त्या पेपरात राबता होता.

वर्षभराने भूमिपुत्र गौरव समितीची बैठक झाली. मानपत्राचं काम अर्थातच माझ्याकडे. तिथे मी शहाणपणा केला. "त्या विमानात दुसरा वैमानिक माझा विद्यार्थी होता," असं छाती फुगवून सांगितलं; ते मला अजमलभाईंच्या फोनवरून कळलं होतं. अध्यक्षांनी टाळीच वाजवली. "मग त्याच्या वडिलांच्या हस्ते शाल घालू या! मुलाचा जीव वाचवणाऱ्याला बापाच्या हातची शाल. काय प्रसंग होईल, सर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि निमंत्रण घेऊन रहिमतपूरला गेलो.

अजमलभाईंनी निमंत्रण दोन्ही हातांनी घेतलं. "आवं मास्तर, हे तर आमचं कामच हाय. मी कवाचा म्हणतुय, दादासायबांस्नी एकदा भेटाय पायजे." आत नियाज खोकी लावत होता. मला वाटलं सुट्टीवर आला असेल. मी निघालो तसा तो बाहेर आला. "सर, कराडपातुर सोडतो तुमाला, तिथनं सांगलीची गाडी लगेच मिळंल," म्हणाला आणि मोटरसायकल काढली. कराडजवळ त्याने ती धावपट्टीच्या कुंपणाशी थांबवली. पलीकडे शिकाऊ विमान टोकाशी वळत होतं, अगदी गवताला शेपटी लावून. नियाजने एक काटकी उचलली आणि मातीत रेघ ओढली.

"ही पट्टी, सर. दोन हजार सातशे मीटर. आमचं आकडं ह्या सगळ्या लांबीचं काढल्यालं. हितं आमी पट्टीला मिळालो." त्याने रेघेच्या मध्याच्या बऱ्याच अलीकडे खूण केली. "मागं आठशे मीटर. टॉवरनं इचारलं, मधनंच निघता का, न्हाईतर पंधरा मिन्टं थांबा, एक इमान उतरतंय. दादा म्हणालं, 'गड्या, हितनंच सुटू. हो म्हणून टाक.'"

"आणि तू?"

तो रेघेकडे बघत म्हणाला, "मी म्हणलो, 'दादा, आकडं परत एकदा बघायचं का?'"

ते वाक्य माझं होतं. त्याने मान वर केली नाही. त्याला ते आठवत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"दादा म्हणालं, 'बघितल्यात रं, बसत्यात. सांग त्यांना.' आन् मी रेडिओवर सांगितलं, चालंल. माझ्या आवाजात."

"दुसरा कुणी कॅप्टन असता तर?"

"तर ब्रेक धरून बसलो असतो, सर. इंग्लिशमधी सांगितलं असतं, न्हाई म्हणजे न्हाई. आठ-नऊ वर्सं दुसरं काय केलं? पर त्यातल्या एकानं बी मला नोकरी लावली न्हवती. दादाच्या घरचं जेवलोय मी. आमी दोघं असलो की गावाकडचंच बोलायचो. त्या बोलण्यात थोरल्या माणसाला थांब कसं म्हणायचं, ते मला आलंच न्हाई."

पुढचं त्याने भराभर सांगितलं. इंजिनं कमी ताकदीवर होती. पट्टी संपत आली तरी नाक उचलण्याचा वेग येईना. टोकाचे लाल दिवे समोर आले. रविराजांनी तेव्हा इंजिनांच्या ताकदीचे दांडे पार पुढे ढकलले आणि नाक उचललं. खालून कडकड आवाज आला. टोकाचे तीन दिवे मोडून विमान कसंबसं वर गेलं. मागे बसलेल्यांना काहीच कळलं नाही. उतरताना एका बाईंनी दोघांनाही हसून धन्यवाद दिले.

"उतरल्यावर म्हणलो, 'दादा, रिपोर्ट लिवाय पायजे.' म्हणालं, 'मी लिवतो, तू जेव जा.' मी जेवाय गेलो, सर. खरंच जेवाय गेलो." काटकी त्याच्या हातात मोडली.

रविराजांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही. तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना घेऊन आणखी दोन फेऱ्या करून आलं. विमानातला आवाज टिपणारं यंत्र शेवटचे दोनच तास जपून ठेवतं, त्यामुळे मागचं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी मोडलेले दिवे सापडले तेव्हा कॅप्टनसाहेबांनी रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं होतं की त्यांनी सहवैमानिकाला आकडे पुन्हा काढायला सांगितले आणि त्याने काढले असं सांगितलं. नियाजने दोन पानं भरून खरं काय ते लिहिलं. पण पुराव्याला उरली होती फक्त टॉवरची टेप, आणि तिच्यावर एकच आवाज होता. चालेल.

चौकशी करणाऱ्यांनी मग त्याची फाइल काढली. त्यांचा युक्तिवाद ऐकून मला त्या माणसांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. जो मनुष्य इतकी वर्षं प्रत्येक कॅप्टनशी पूर्ण पट्टीसाठी वाद घालतो, तो नेमका त्याच दिवशी गप्प कसा बसेल? अर्थात त्याला ते मान्यच असणार. आयुष्यभराची सावधगिरी अशी त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. रविराज तीन महिने घरी बसले, मग कामावर गेले आणि पुढे प्रशिक्षक झाले. नियाजचा करार कंपनीने वाढवला नाही.

"अजमलभाईंना हे माहीत आहे?"

"न्हाई. त्यास्नी वाटतंय, दादानं मला वाचिवलं आन् कंपनीतली माणसं कमी केली. तसंच ऱ्हाऊ द्या."

"मी बोलतो," मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. "मानपत्र लिहीत नाही. समितीला तोंडावर सांगतो."

"नगा सर." तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "दुसऱ्या कंपनीत जागा निघाल्यात. जुन्या कंपनीच्या ट्रेनरचं शिफारसपत्र लागतं. ते दादाच देणार. सत्कार उरकला की देतो म्हणाल्यात. आणखी वरीसभर जमिनीवर बसलो तर मला कुणी घेणार न्हाई. अब्बा शाल घालू द्यात. तुमी मानपत्र चांगलं लिवा."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं, हीच लाज आहे. 'निर्णयाच्या क्षणी ज्यांचे हात थरथरत नाहीत,' असं लिहिलं. 'सहकाऱ्यांचे आधारवड,' असं लिहिलं. लिहिताना स्वतःला सांगत होतो, पोराच्या नोकरीसाठी करतोय. त्यात थोडं खरं होतं. पण समितीशी वैर नको आणि पुढची मानपत्रं हातची जायला नकोत, हेही तितकंच खरं होतं. माझ्या वयाला ही दोन कारणं वेगळी करून बघता येत नाहीत.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. नियाज तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसला होता. मी मानपत्र वाचलं, आवाज हवा तिथे चढवला, हवा तिथे कापरा केला. सत्काराला उत्तर देताना रविराज म्हणाले, "मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो, पट्टी सगळी वापरा. सहा मिनिटांसाठी जिवाशी खेळू नका." टाळ्या पडल्या. मी खाली माझ्या कागदाकडे बघत राहिलो.

मग अजमलभाई उठले. नवी टोपी, इस्त्रीचा पांढरा सदरा. रविराज उंच, त्यामुळे शाल घालायला ते टाचा उंचावून उभे राहिले. अध्यक्षांनी आग्रह केला, दोन शब्द बोला. अजमलभाईंनी माईक धरला.

"मला बोलाय येत न्हाई. माझं पोरगं ल्हानपणापास्नं भित्रं. पावलापावलाला मागं वळून बघणारं. त्या दिवशी समदं त्येच्या हातात असतं तर काय झालं असतं, अल्लालाच ठावं. सायेब हुते म्हणून माझं पोरगं घरी आलं. सायेब, तुमी त्येला आनखी शिकवा."

सभागृहात बायकांनी डोळे पुसले. रविराजांनी अजमलभाईंना मिठी मारली, फोटोवाले धावले. मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. नियाज टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही त्याच्या दोन-तीन चालूच राहिल्या. माईक आता माझ्याकडे आला होता. एक वाक्य पुरलं असतं. सभागृह शांत होतं, लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, "यानंतर आभारप्रदर्शन."

दीड महिन्याने अजमलभाईंचा फोन आला. "मास्तर, दादासायबांचं पत्र आलंय. पोरगं नुस्तं बरं हाय म्हणतंय आन् खोक्यात ठेवतंय. तुमी येऊन वाचून दावा की." मला साताऱ्याला जायचंच होतं. वाटेत रहिमतपूरला उतरलो. दुकानात दोन बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. अजमलभाईंनी त्यांना थांबवलं, हात पुसले आणि खोक्यातून लिफाफा काढून मला दिला. नियाज आतल्या दाराशी उभा होता.

कंपनीचं नाव छापलेला सुंदर कागद. इंग्रजीत पाचच ओळी. हा वैमानिक वेळेचा पक्का आहे, तांत्रिक ज्ञान समाधानकारक आहे. परंतु मोक्याच्या क्षणी तो वरिष्ठांसमोर ठामपणे बोलत नाही. धोका दिसला तरी तो इशारा न देता नुसतं सुचवल्यासारखं बोलतो. हा स्वभावदोष असल्याने त्याच्यावर विमानाची जबाबदारी सोपवण्याची शिफारस करता येत नाही. खाली झोकदार सही, रविराज सावर्डेकर.

मी ते दोनदा वाचलं. रविराजांना त्या दिवशीचं वाक्य नीट ऐकू आलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी ते लक्षातही ठेवलं होतं. आधी वाद घालतो म्हणून शेरा, आता बोलत नाही म्हणून शेरा. आणि ज्याला ते स्वभावदोष म्हणत होते तो स्वभाव नव्हताच. तो मी त्याला सातवीत शिकवला होता, माझी चूक झाकायला.

"वाचा की मास्तर," अजमलभाई म्हणाले. दोन्ही बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी कागद समोर धरला आणि वाचू लागलो. मराठीत, सावकाश, जणू ओळ ओळ उलगडून सांगतोय असा.

"नियाज अजमल मणेर यांनी आमच्याबरोबर सुमारे नऊ वर्षं काम केलं. या काळात त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण पट्टी मागितली. लोक हसले तरी मागितली. त्यांच्या फाइलीत वाईट शेरे पडले तरी मागितली. त्यांच्यामुळे काही विमानांना सहा मिनिटं उशीर झाला, आणि त्या विमानांतली सगळी माणसं घरी पोचली. ज्या एका दिवशी त्यांचं कुणी ऐकलं नाही, त्या दिवशी चूक त्यांची नव्हती. ते भित्रे नाहीत. त्यांच्या विमानात मी माझ्या मुलांना डोळे झाकून बसवीन."

यात कुणाचे पाय मातीत नव्हते आणि कुणी आधारवड नव्हतं. माझ्या एकशे बारांत असं एकही जमलेलं नाही, आणि हे मी दुसऱ्याच्या सहीवर, खोटं वाचत होतो.

अजमलभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐकलं न्हवं?" ते त्या बायकांना म्हणाले. "भित्रं न्हाई म्हणत्यात. एवढा मोठा माणूस आपल्या हातानं लिवतुय. मी मूर्ख, भर सभंत पोराला भित्रं म्हणलो." त्यांनी कागद माझ्या हातातून हळूच घेतला. "हे मी चौकटीत बसिवणार. हितं, गल्ल्याच्या वर लावणार."

मी नियाजकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी तो म्हणेल, सर, चुकलंय. म्हणावं अशी मी मनापासून वाट बघत होतो. तो दोन पावलं पुढे आला, वडिलांच्या हातातल्या कागदाकडे त्याने बघितलं.

"अब्बा," तो म्हणाला, "परत एकदा बघायचं का?"

"आता काय बघायचं ऱ्हायलंय रं? सरांनी वाचलंय की."

नियाज "व्हय" म्हणाला आणि खोकी लावायला आत गेला. मी चहा न घेता निघालो.

त्या नव्या कंपनीच्या अर्जाची मुदत कधीच संपली. नियाज आता दुकान बघतो. वडिलांसारखं त्यालाही हात बघून माप सांगता येतं, आणि तोही जरा सैलच बांगडी भरतो. पत्र सोनेरी चौकटीत गल्ल्याच्या वर आहे. मी फारसा तिकडे जात नाही, पण परवा जावं लागलं. कॉलेजातली एक मुलगी बांगड्या भरून घेत होती. तिची नजर वर गेली आणि तिने ते इंग्रजी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अडखळत, एकेक शब्द. नियाजने तिचा हात धरून ठेवला होता आणि तो बांगडी पुढे सरकवत राहिला. त्याने तिला थांबवलं नाही. मीही नाही. स्टुलावर बसलेले अजमलभाई मान डोलावत ऐकत होते. तिचं वाचून झालं तेव्हा म्हणाले, "झ्याक वाचतीस बाळ. आनखी एकदा वाच."